बेगमसाहिबांच्या मोटारीचा रोटर

मोटारीच्या इंजिनात अंगठ्याएवढा एक काळा तुकडा असतो, त्याला रोटर म्हणतात. तो काढून खिशात टाकला की मोटार कितीही जातिवंत असो, स्टार्टर नुसता घरघरत राहतो आणि इंजिन सुरू होत नाही. ही गोष्ट मला आमच्या वर्कशॉपमधल्या उस्तादांनी शिकवली आणि मी ती त्यांच्याच विरुद्ध वापरली. विरुद्ध हा शब्द मी विचार करून लिहिते आहे. उस्तादांनी तो वाचला असता तर हात जोडून मला खोडायला लावला असता.

एकाहत्तर साल होतं आणि मी तेवीस वर्षांची होते. नागपूरला बी.कॉम. करून, टायपिंगची परीक्षा पास होऊन मी लखनौला दादाकडे आले होते. दादा रेल्वेत होता, त्याचं क्वार्टर आलमबागेत. वहिनीचा बेत असा की मी वर्षभर तिच्या हाताशी राहावं आणि मग कुठेतरी उजवली जावी. मी तीन महिन्यांत नोकरी शोधली. हजरतगंजच्या मागच्या रस्त्यावर परदेशी मोटारींचं एक वर्कशॉप होतं. मालक लालाजी फाळणीत इकडे आलेले, त्यांना इंग्रजी पत्रं लिहायला कोणीतरी हवं होतं. पत्रं लिहिता लिहिता कोणाची गाडी कधी यायची, कोणत्या मिस्त्रीकडे द्यायची, हे सगळं वर्षाच्या आत मी बघायला लागले. मला कामं लावायला आवडायचं. माणसं माझ्या वहीप्रमाणे वागली की मला फार बरं वाटायचं, हे कबूल करते.

लखनौत तेव्हा मोठ्या गाड्या बऱ्याच होत्या. जुन्या जमीनदारांच्या जमिनी गेल्या, हत्ती गेले, पण पोर्चमधली लांबलचक अमेरिकन मोटार काही जणांनी राखली होती. शिवाय बॅरिस्टर होते, नामांकित डॉक्टर होते, साखर कारखान्यांचे मालक होते. त्या वर्षी दिवाळीनंतर ही मंडळी येईनाशी झाली. लढाई होणार हे पानवालासुद्धा सांगत होता. परदेशातून सुटे भाग यायचे बंद झाले, पेट्रोलची ओढाताण सुरू झाली, आणि काहींचे ड्रायव्हर जुने फौजी होते त्यांना परत बोलावणं आलं. वर्कशॉपमध्ये पाच मिस्त्री आणि गाडीखालून काम करायचे खड्डे रिकामे. लालाजी कपाळाला हात लावून बसायचे. "मॅडम, लड़ाई में कौन गाड़ी धुलवाएगा?" असं रोज एकदा तरी म्हणायचे.

मला मात्र उलटं सुचलं. चालणाऱ्या गाडीपेक्षा उभ्या गाडीला जास्त जपावं लागतं. बॅटरी बसते, टायर एका जागी चपटे होतात, सायलेन्सरमध्ये उंदीर बिऱ्हाड करतात. तेव्हा लढाई चालू असेपर्यंत मालकांनी गाड्या घरीच उभ्या ठेवाव्यात, दरमहा ठरलेले पैसे आगाऊ द्यावेत, आणि आमच्या मिस्त्रीने आठवड्यातून एकदा कोठीवर, म्हणजे त्यांच्या बंगल्यावर, जाऊन सगळं बघावं. इंजिन दहा मिनिटं चालवायचं, चाकं अर्धा फेरा पुढे ढकलायची, बॅटरीत पाणी घालायचं, सायलेन्सरच्या तोंडात बोळा कोंबायचा. ब्लॅकआउटसाठी हेडलाइटच्या काचेचा वरचा अर्धा भाग काळा रंगवून द्यायचा. स्टिअरिंगला एक कार्ड बांधायचं आणि दर खेपेला त्यावर मिस्त्रीची सही घ्यायची. तीन रात्री बसून मी हे कागदावर उतरवलं. उस्तादांना विचारून विचारून उतरवलं, हेही सांगायला हवं. बोळा कापडाचा हवा, कागदाचा नको, हे त्यांचं. मी कागदावर माझं नाव घातलं.

उस्ताद साठीच्या घरात होते. उंच, किंचित वाकलेले, हाताला ग्रीसचा वास आणि दाढीला अत्तराचा. मला ते 'बिटिया' म्हणायचे आणि बोलायचे मात्र 'आप' करून. मिस्त्री चुकला तर त्यालाही ते 'ज़रा फिर से देख लीजिए' म्हणत. आमच्या नागपूरकडे माणसाला काही हवं असलं तर तो तीनदा सांगतो, तिसऱ्यांदा जरा ओरडून. मला त्यांच्या बोलण्याची गंमत वाटायची. वहिनीपुढे मी त्यांची नक्कल करून दाखवायचे.

रोटरचं कलम सगळ्यात शेवटी आलं, आणि ते पूर्णपणे माझं. मालकांची तक्रार होती की गाडी उभी आहे म्हटलं की ड्रायव्हर नाहीतर पुतणे ती फिरवायला नेतात आणि पेट्रोल संपवतात. त्यात चौकात अशी अफवा की शत्रूचे सैनिक छत्र्यांनी उतरतील आणि पहिल्यांदा मोटारी पळवतील. मी लिहिलं की प्रत्येक गाडीचा रोटर आमच्याकडे जमा राहील आणि मालकाची चिठ्ठी आणल्यावर कामाच्या वेळेत परत मिळेल. कामाच्या वेळेत, हे शब्द माझ्याच बोटांनी टाइप केले. मालकांना ते कलम सगळ्यांत जास्त आवडलं. एका बॅरिस्टरसाहेबांनी तर फोन करून शाबासकी दिली. लालाजींनी दुसऱ्या दिवशी मिठाई आणली.

उस्ताद तेवढे म्हणाले, "गाड़ी तो चलने के लिए होती है, बिटिया." मी म्हटलं, लढाई संपली की चालेल. ते हसले आणि पान्हे पुसायला लागले.

गिऱ्हाइकांत एक बेगमसाहिबा होत्या. काकोरीच्या रस्त्याला, शहराबाहेर बऱ्याच लांब, त्यांची आंब्याची बाग आणि त्यात जुनी कोठी. हिरव्या रंगाची अमेरिकन मोटार. उस्तादांचे वडील त्यांच्याकडे ड्रायव्हर होते, आणि उस्तादांचं बिऱ्हाड अजूनही त्याच बागेतल्या आउटहाउसमध्ये होतं. ते तिथून रोज सायकलने वर्कशॉपला यायचे. करार घेऊन मी गेले तेव्हा बेगमसाहिबांनी तो वाचलाही नाही. चष्मा काढून त्यांनी उस्तादांना विचारलं, "ठीक है?" उस्ताद म्हणाले, "बिटिया ने सोच-समझकर ही लिखा होगा." मग त्यांनी सही केली.

शुक्रवारी संध्याकाळी रेडिओवर लढाई सुरू झाल्याचं कळलं. शनिवार-रविवार दोन्ही दिवस आम्ही कोठ्याकोठ्यांतून रोटर गोळा करत फिरलो. मी स्वतः बरोबर गेले, कारण चिठ्ठी बांधणं, नंबर घालणं दुसऱ्या कोणावर सोपवायला मन घेत नव्हतं. रविवारी दुपारी आम्ही बेगमसाहिबांच्या बागेत पोचलो. उस्तादांनी बॉनेट उघडलं, रोटर ज्यात बसतो त्या डिस्ट्रिब्यूटरच्या क्लिपा काढल्या आणि हात तिथेच ठेवून उभे राहिले.

"इसका रहने देतीं, तो मेहरबानी होती," ते म्हणाले.

"क्यों, उस्ताद?"

"बस, यूँ ही. बेगमसाहिबा की उम्र है. कभी ज़रूरत पड़ जाए."

मला वाटलं, आपल्या माणसांसाठी सवलत मागताहेत. मी म्हटलं, "नियम सबके लिए एक है."  त्यांनी रोटर बाहेर काढून स्वतःच्या रुमालाने पुसला आणि माझ्या हातावर ठेवला.

आउटहाउसच्या समोर उन्हात बाजेवर एक तरुण मुलगी शाल घेऊन बसली होती. उस्तादांची मुलगी, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. तिचे दिवस भरत आलेत हे कोणालाही दिसलं असतं, आणि मलाही दिसलं. मी तिच्याकडे बघून हसलेसुद्धा. पण त्या मुलीचा आणि या गाडीचा काही संबंध असेल हे माझ्या डोक्यात आलं नाही. बाप अशा गोष्टी परक्या, लग्न न झालेल्या मुलीशी बोलणार नाही, हे मला कळायला हवं होतं. लखनौत दोन वर्षं काढलेल्या माणसाला एवढं तरी कळायला हवं होतं की उस्तादांसारख्या माणसाने 'मेहरबानी होती' म्हणणं म्हणजे दोन्ही हात पसरणं.

वर्कशॉपला परत आल्यावर सगळे रोटर मी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात घालून कपाटात ठेवले. कपाटाच्या दोन किल्ल्या होत्या, एक माझ्याकडे आणि एक उस्तादांकडे. मी त्यांची किल्ली मागून घेतली. जबाबदारी एकाच माणसाकडे असली म्हणजे घोटाळा होत नाही, असं मी त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी जुड्यातून किल्ली सोडवून दिली. लालाजींनी रविवारच्या बदली सोमवारी सुट्टी जाहीर केली आणि ते स्वतः सकाळच्या गाडीने कानपूरला भावाकडे जाणार होते. वर्कशॉपच्या दाराची किल्लीही त्यांनी माझ्याकडेच दिली. घरी जाताना मी खूश होते.

सोमवारची सुट्टी मला हवीच होती. त्या दिवशी महापरिनिर्वाण दिन होता. आलमबागेत आमची पंधरा-वीस मराठी बौद्ध घरं होती, बहुतेक रेल्वेतली, काही टपाल खात्यातली, एक काका बँकेत अधिकारी. दरवर्षी संध्याकाळी कॉलनीच्या हॉलमध्ये वंदना व्हायची. या वर्षी ब्लॅकआउटमुळे ती दुपारी ठेवली होती. सकाळपासून वहिनीची धांदल चालली होती. "काहून इतकी सजतेस गं, शादी आहे का आपल्याकडे?" असं ती मला म्हणाली, मी फक्त पांढऱ्या साडीला इस्त्री करत होते. पर्समध्ये कपाटाच्या आणि दाराच्या किल्ल्या आहेत ना हे मी निघताना पाहिलं.

हॉलमध्ये सतरंज्या घातलेल्या. समोर तसबीर, मेणबत्त्या, पांढरी फुलं. सगळ्यांचे पांढरे कपडे. त्रिसरण, पंचशील झालं आणि मग आमच्यातले सगळ्यात वडील बाबा बोलायला उभे राहिले. छप्पन साली ते मुंबईला अंत्ययात्रेला गेले होते, ते दरवर्षी सांगायचे. कुठून चालत गेले, गर्दी किती होती, एक अनोळखी म्हातारी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून कशी रडली. दरवर्षी तेच सांगायचे आणि दरवर्षी त्याच जागी त्यांचा आवाज जायचा. बायका पदर तोंडाला लावायच्या. दादाही रडायचा. मीसुद्धा.

बाबांनी नुकती सुरुवात केली होती तेव्हा मला दारात उस्ताद दिसले. सायकल भिंतीला टेकवून, डोक्यावर टोपी, गळ्याशी मफलर. घाम आलेला दिसत होता, पण आलमबाग त्यांच्यासाठी लांबच होती. मला आधी आश्चर्य वाटलं आणि लगेच अभिमान. मी त्यांना शनिवारी बोलताबोलता सांगितलं होतं की सोमवारी आमच्याकडे असा असा कार्यक्रम आहे. मला वाटलं, उस्ताद मुद्दाम आले, एवढ्या लांबून, आमच्या दिवसाला. मी शेजारच्या बाईंनाही खुणेने दाखवलं. उस्तादांनी माझ्याकडे बघून कपाळाशी हात नेऊन आदाब केला. मी हाताने त्यांना बसायची खूण केली. त्यांनी एकदा समोर तसबिरीकडे पाहिलं, रडणाऱ्या माणसांकडे पाहिलं, बूट काढले आणि शेवटच्या रांगेत गुडघे मुडपून खाली मान घालून बसले.

बाबा त्या दिवशी जास्तच बोलले. लढाईचे दिवस, मनं हळवी झालेली, कोणी त्यांना थांबवलं नाही. मग पुन्हा वंदना झाली. अर्धा तास तरी गेला असेल. सगळे उठले तेव्हा मी खिरीची वाटी घेऊन उस्तादांकडे गेले. त्यांनी वाटी घेतली नाही.

"बिटिया, माफ़ कीजिएगा," ते म्हणाले. "वह रोटर चाहिए था. बेटी की हालत ठीक नहीं है. दाई कहती है, बच्चा आड़ा है."

बाकीचं मी एकेक प्रश्न विचारून काढून घेतलं. सकाळपासून कळा. दुपारी बाराला सुईणीने हात टेकले, म्हणाली इस्पितळ गाठा, पण बैलगाडीतून नेऊ नका, हिसक्यांनी पोरगी जाईल. कोठीचा फोन महिन्याभरापासून मुका. बस फौजेच्या कामावर गेलेल्या. आणि पोर्चमध्ये हिरवी मोटार उभी, टाकीत पेट्रोल, बॅटरी भरलेली. उस्ताद आधी वर्कशॉपला गेले. चौकीदार म्हणाला, किल्ल्या मॅडमकडे. मग आमच्या क्वार्टरला, मग इथे.

 वहिनीने माझ्या हातातली वाटी काढून घेतली. बँकेतल्या काकांनी काही न विचारता स्कूटर काढली. पुढे काका, मधे उस्ताद, मागे मी, असे तिघं त्यावर बसलो. उस्ताद अंग चोरून बसले होते, मला धक्का लागू नये म्हणून. त्यांचं अंग चोरणं पाहून मला त्यांच्यावर संताप आला. असा कसा माणूस हा, असं वाटलं. मला स्वतःवर रागवायचं धैर्य नव्हतं म्हणून मी त्यांच्यावर रागावले होते.

वर्कशॉपमध्ये मी किल्ली उस्तादांच्या हातात दिली, कपाट त्यांनीच उघडलं. माझे नंबर, माझ्या चिठ्ठ्या, कशाकडेही न बघता त्यांनी डब्यातून नेमका रोटर उचलला. मी तरी डबा बरोबर घेतला, का ते माहीत नाही.

काकोरीच्या रस्त्यावर रेल्वेचं फाटक बंद होतं. मिलिटरी स्पेशल जात होती. उघड्या डब्यांवर ताडपत्र्या घातलेल्या तोफा, ट्रक, मधेच जवानांचे डबे. फाटकाच्या दोन्ही बाजूंना लोक जमले होते, टाळ्या वाजवत होते, कोणी डब्यांत संत्री फेकत होते. गाडी सावकाश चालली होती, संपता संपत नव्हती. ती गेली तरी फाटक उघडेना. फाटकवाला म्हणाला, मागून दुसरी येतेय. मी त्याच्याशी भांडले. बाई अडली आहे, मरेल, असं मी भररस्त्यात ओरडून सांगितलं, जे उस्तादांनी सबंध दिवसात एकदाही म्हटलं नव्हतं. तो बिचारा म्हणाला, "बहनजी, मेरे हाथ में होता तो..." उस्ताद स्कूटरवरून उतरून फाटकाच्या दांडीला धरून उभे होते. दुसरी गाडी आली. एका डब्यातून एका जवानाने हात हलवला. उस्तादांनी त्याला हात वर करून सलाम केला, आणि पुन्हा दांडी धरली.

बागेत पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. बेगमसाहिबा शाल पांघरून पायरीवर उभ्या होत्या, त्या वयात, कोण जाणे किती वेळ. उस्तादांनी रोटर बसवला, झाकण लावलं, क्लिपा दाबल्या. पहिल्याच फटक्यात इंजिन सुरू झालं. टायरमध्ये हवा नेमकी, बॅटरी ठणठणीत, हेडलाइट अर्धे काळे. माझ्या योजनेत लिहिल्याप्रमाणे गाडीत एकही खोट नव्हती.

मुलीला चादरीत घालून मागच्या सीटवर आणलं. आई एका बाजूला, सुईण एका बाजूला. मी पुढे उस्तादांजवळ, काका स्कूटरवर मागून. मुलगी ओरडत नव्हती. ओढणी तोंडात धरली होती आणि अधूनमधून फक्त 'अब्बा' म्हणत होती. उस्ताद एकदाही मागे वळले नाहीत. खड्डा आला की गाडी इतकी हळू घ्यायचे की मला ओरडावंसं वाटायचं, आणि सपाट रस्ता आला की अशी सोडायचे की मी दाराला घट्ट धरून बसायचे. फाटक या वेळी उघडं होतं. चौक येईपर्यंत अंधारायला लागलं. एका स्वयंसेवकाने दिवे बंद करा म्हणून शिट्टी फुंकली, आत डोकावला आणि बाजूला झाला. शेवटचा मैलभर उस्तादांनी दिव्यांशिवाय गाडी चालवली.

जनाना इस्पितळाच्या खिडक्यांना काळे कागद लावलेले होते. आम्ही बाहेर बाकावर बसलो. काका घरी कळवायला गेले. उस्ताद बसले नाहीत, भिंतीशी उभे राहिले आणि ओठांतल्या ओठांत काही म्हणत राहिले. तासाभराने डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. तरुण होत्या, थकलेल्या. म्हणाल्या, "लड़की बच जाएगी. बच्चा नहीं रहा. लड़का था."

उस्तादांनी मान हलवली.

"तकलीफ़ कब से थी?"

"सुबह से."

"तो इतनी देर क्यों की?" त्या रागावल्या होत्या आणि त्यांनी रागवायलाच हवं होतं. "घंटा भर पहले भी ले आते तो शायद दोनों..."

मी उस्तादांपासून हातभर अंतरावर उभी होते. बिस्किटांचा डबा माझ्या मांडीवरून कधीच खाली ठेवला गेला नव्हता, तो मी छातीशी धरला होता. उस्ताद माझ्याकडे बघणार असं मला वाटलं. त्यांनी बघितलं नाही.

"सवारी नहीं मिली, डॉक्टर साहिबा," ते म्हणाले.

बाई आत गेल्या. मी बोलायला हवं होतं. खरं कारण सांगायला दोन वाक्यं पुरली असती, आणि मी ती मनात जुळवलीही होती. मी ती बोलले नाही. भीती वाटली, लाज वाटली, आणि सगळ्यात खाली, खरं सांगायचं तर, सुटल्यासारखं वाटलं. त्या सुटल्यासारखं वाटण्याची मला आजही किळस येते.

मंगळवारी मी लालाजींना विचारल्याशिवाय सगळे रोटर परत केले, रिक्षाने एकेका कोठीवर जाऊन. लालाजी चिडले, एका अपघातामुळे कोणी सिस्टिम बदलतं का, म्हणाले. मी म्हटलं, मग मला काढून टाका. त्यांनी काढलं नाही. योजना त्या कलमाशिवाय तशीच चालली. लढाई दोन आठवड्यांत संपली, पण लोकांना सवय लागली होती. पुढे कितीतरी वर्षं गाड्यांची अशी वर्गणीची देखभाल आमच्या वर्कशॉपचा मुख्य धंदा होती आणि तिच्याच जोरावर मी मॅनेजर झाले. विकास नगरात घर घेतलं ते त्याच पगारातून.

उस्ताद गुरुवारी कामावर आले. बाळाला बागेतच पुरलं होतं. मी त्यांची किल्ली परत दिली. ती त्यांनी जुड्यात अडकवली. मग मी विचारलं, "उस्ताद, मैंने आपको दरवाज़े पर देखा था. आपने उसी वक़्त क्यों नहीं कहा?"

त्यांना प्रश्नाचंच नवल वाटल्यासारखं दिसलं.

"आप लोग मजलिस में थे, बिटिया. बुज़ुर्ग बयान कर रहे थे, सब रो रहे थे. मजलिस से किसी को उठाते नहीं हैं." मजलिस म्हणजे त्यांच्याकडची मोहरमातली शोकसभा, आमची वंदना त्यांनी तशीच धरली होती. "फिर आपने बैठने को भी कहा था."

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला तो झेलता आला असता. घडलं ते त्यांनी सांगितलं आणि खड्ड्यात उतरून कामाला लागले.

जानेवारीच्या शेवटी बेगमसाहिबांच्या गाडीची खेप होती, मी उस्तादांबरोबर गेले. मुलीला भेटायला मी दोनदा निघाले होते आणि दोनदा वाटेतून परत फिरले होते. त्या दिवशी तिनेच आईला पाठवून मला आत बोलावलं. ती बाजेवर बसून कुर्त्यावर चिकनचं भरतकाम करत होती. खूप वाळली होती. तिने माझ्यासाठी जागा केली, आईला चहा टाकायला सांगितला आणि माझा हात दोन्ही हातांत घेतला. बाहेर उस्ताद इंजिन चालवून बघत होते, त्याचा आवाज येत होता.

"अब्बा बताते हैं," ती म्हणाली, "उस रोज़ आपके यहाँ ग़मी थी, सब रो रहे थे. फिर भी आप सब छोड़कर गाड़ी लेकर आईं. आप न आतीं तो मैं भी न बचती."

तिची आई पदराने डोळे पुसत चहा घेऊन आली. त्या दोघी माझ्याकडे बघत होत्या. मी "हाँ" म्हटलं आणि चहा घेतला.